सोसायटीत पाणीकपात करायचीय: घड्याळ लावून, फ्लॅटमागे की माणशी?

एप्रिल संपत आला की पुण्यातल्या जवळपास प्रत्येक कमिटीपुढे तोच विषय येतो, महापालिकेकडून पाणी कमी येतंय, खालची टाकी पूर्ण भरत नाहीये, आता आपल्यात कसं वाटायचं. तुमच्याकडेही मिटिंग लागली असेल आणि हात वर करायच्या आधी सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघायचे असतील तर हे वाचा. माझं मत आधीच सांगून टाकते. घड्याळ लावून केलेली कपात दिसायला सगळ्यांना सारखी असते पण प्रत्यक्षात तिच्याइतकी अन्यायाची दुसरी कुठलीच नाही, आणि लिटर मोजायचेच तर ते फ्लॅटमागे नाही, माणसामागे मोजायचे.

हिशोबासाठी एक सोसायटी धरू. ४० फ्लॅट, १५० माणसं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्राचा निकष माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे या सोसायटीला साधारण २०,००० लिटर लागतं. कपातीत येतंय समजा १५,०००. माणशी १०० लिटर. म्हणजे प्यायचे, स्वयंपाकाचे हाल होणार नाहीत, पण शॉवर बंद, जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर जातं त्याचा विचार करायला लागेल, मशीन रोज लावता येणार नाही. आता यात दोन घरं डोळ्यासमोर ठेवा. एक तीन बाथरूमचा थ्री बीएचके, त्यात निवृत्त जोडपं. दुसरा एकाच बाथरूमचा वन बीएचके, त्यात आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. पुढचा प्रत्येक पर्याय या दोन घरांना लावून बघायचा.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा म्हणून सगळीकडे हाच होतो. सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास, वॉचमन व्हॉल्व्ह फिरवणार, खर्च शून्य, भांडण कमी. पण त्या दीड तासात काय होतं बघा. तीन बाथरूमवाल्यांकडे तीन नळ, किचन, ड्राय बाल्कनी एकदम सुरू होऊ शकतं आणि वर पोटमाळ्यावर ५०० लिटरची लॉफ्ट टँक असेल तर ती भरून घेतली की दिवसभर कपात कुणाची झाली हे त्यांना कळतही नाही. सहा माणसांच्या घरात एकाच बाथरूमपुढे रांग, डबे, शाळेची गडबड, आणि लॉफ्ट टँक नसेल तर बादल्या आणि पिंपं ठेवायला जागा कुठून आणायची. गच्चीतल्या टाकीवरून पाणी उतरणाऱ्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्याला दाब मुळातच कमी असतो, खालचे सगळे नळ एकदम सुटले की वरच्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. आणि जे नाईट शिफ्ट करतात, जी एकटी बाई सकाळी सातला कामावर निघते, त्यांनी काय करायचं? घरकामाला येणाऱ्या मावशी अकराला येतात तेव्हा नळ बंद, भांडी बादलीतल्या पाण्यात, आणि त्यांच्या वस्तीतलं पाणी नेमकं त्या आपल्याकडे असताना येऊन गेलेलं असतं. ही गोष्ट कुठल्याच मिटिंगमध्ये निघत नाही म्हणून इथे लिहितेय.

शिवाय घड्याळाने पाणी वाचतंच असं नाही. ठरावीक वेळीच येणार म्हटलं की माणूस गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओततो. उघड्या पिंपात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

शहराच्या पातळीवर हेच चित्र मोठं होऊन दिसतं. २०२३ च्या मे महिन्यात एल निनोमुळे पाऊस कमी पडेल या धास्तीने पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवायला सुरुवात झाली होती, तेव्हा ज्यांच्या इमारतीला जमिनीखाली मोठी टाकी होती त्यांचा गुरुवार नेहमीसारखाच गेला, आणि पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा वस्तीत जिथे साठवण म्हणजे एक निळं पिंप तिथे गुरुवार खरा गुरुवार होता, वर शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. पिंपरी-चिंचवडमध्ये तर २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं, कारण सगळ्यांना समान मिळावं हे दिलं गेलं, आणि पुढे पवना धरण भरलं तरी वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं. समान वेळ दिली म्हणजे समान पाणी दिलं हे गृहीतकच चुकीचं आहे. ज्याची टाकी मोठी त्याचं पाणी जास्त, एवढंच होतं त्यातून.

दुसरा पर्याय, प्रत्येक फ्लॅटला सारखे लिटर. ऐकायला एकदम न्यायाचं वाटतं, मेंटेनन्स सारखा तर पाणी पण सारखं. १५,००० भागिले ४०, फ्लॅटला ३७५. त्या जोडप्याला माणशी १८७ लिटर, म्हणजे दुष्काळात निकषापेक्षाही जास्त, आणि सहा माणसांच्या घरात माणशी ६२. एकाच जिन्यात, एकाच टाकीतून, तिपटीचा फरक. जोडप्याची यात काही चूक नाही, ते काही उधळपट्टी करत नसतील, पण नियमच असा केला की वाचवायचं काम फक्त मोठ्या कुटुंबावर पडतं.

तिसरा, माणशी. जोडप्याला २००, सहा जणांना ६००. मला यात न्याय दिसतो, पण अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवून मत मागू नये. पहिली अडचण मीटरची. नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटला एकच इनलेट असेल तर एक मीटर बसवला की झालं. जुन्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाथरूमला, किचनला गच्चीतल्या टाकीतून वेगवेगळी लाईन (डाऊनटेक) उतरते, म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर, पाईप फोडायला लागणार, आणि हे मे महिन्यात सुरू करायचं काम नाही. दुसरी अडचण मोजणीची. घरात किती माणसं हे कोण ठरवणार, भाड्याने राहणारी चार मुलं धरायची की नाही, बाळंतपणाला आलेली मुलगी धरायची की नाही? माझं म्हणणं, जो आकडा घरच्यांनी सांगितला तो लिहून घ्या आणि जिन्यात फ्लॅट नंबरसमोर लावा, नावं नकोत, फक्त आकडे. शेजाऱ्यांना माहिती असतं कोणाकडे किती माणसं आहेत, खोटं फार टिकत नाही. भाडेकरू माणूसच आहे, त्याला पूर्ण धरायचं. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल, तान्हं बाळ असेल तर वरचं पाणी न मागता द्यायचं, त्यासाठी सर्टिफिकेट मागत बसू नये.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचं दुष्काळातलं उदाहरण लोक फार देतात म्हणून त्यातला कामाचा भाग सांगते. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा होती, त्याआधी ८७ होती, आणि जास्त वापरणाऱ्या घरांना ठरावीक लिटरनंतर धार अडवणारी उपकरणं बसवली. मोठ्या कुटुंबांना मात्र अर्ज करून कोटा वाढवून घेता येत होता. अशी वाट ठेवली नाही तर माणशी नियम पण शेवटी फ्लॅटमागेच होऊन बसतो. आणि तिकडे मुळात घराघराला मीटर होते, आपल्याकडे पुण्यात घरोघरी मीटर बसवायच्या समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले तरी बहुतेक घरगुती पाणीपट्टी अजून मिळकतकराच्याच जोडीने येते, वापराशी तिचा संबंध नाही.

मग मीटर नसलेल्यांनी काय करायचं? घड्याळच वापरा, पण वेगळ्या तऱ्हेने. एकूण पाणी टाकीच्या पातळीवरून रोज मोजा आणि बोर्डावर लिहा. पाणी दोनदा जास्त वेळ सोडण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं सोडा, त्यातली एक वेळ रात्री दहानंतर आणि एक दुपारी, म्हणजे भरून ठेवायची घाई कमी होते आणि उशिरा येणाऱ्यांना, मावशींना पण नळ चालू मिळतो. मोठ्या लॉफ्ट टँकच्या लाईनला वेगळा व्हॉल्व्ह असेल तर तो अर्धाच उघडा. सहा माणसांच्या घरांना रोज ठरावीक जादा बादल्या खालच्या टाकीवरून घ्यायची मुभा द्या, उचलून द्यायला वॉचमनला जुंपू नका, किंवा जुंपणार असाल तर वेगळे पैसे द्या.

गाड्या धुवायला बंदी, जिने पाण्याने धुवायला बंदी, बागेला आरओचं फेकलं जाणारं पाणी, हे कुठलाही पर्याय घेतला तरी करायचंच आहे, त्यावर मतदान कशाला. फक्त तेवढं करून आम्ही कपात केली असं म्हणू नका, मुख्य पाणी बाथरूममध्येच जातं.

आता चौथा पर्याय, ज्याला कपात म्हणतच नाहीत: टँकर. रोजचे ५,००० लिटर कमी पडतायत, १०,००० चा टँकर दिवसाआड मागवला की सगळं पहिल्यासारखं. उंड्री, पिसोळी, वाघोली, धायरीकडच्या कित्येक सोसायट्यांना टँकर हा पर्याय नाहीच, तेच रोजचं पाणी आहे, त्यांना मी काही सुनावणार नाही. पण ज्यांच्याकडे माणशी १०० लिटर येतंय त्यांनी टँकर मागवण्याआधी विचार करावा, कारण ते पाणी आजूबाजूच्या गावातल्या विहिरी-बोअरमधूनच उपसून येतं. आणि खडकवासला धरणसाखळीचंही तसंच, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातच पुणे शहर आणि त्यातच कालव्याने दौंड-इंदापूरची शेती. कालव्याचं पाणी ठरवणाऱ्या कालवा समितीत उन्हाळी आवर्तनाचा, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या पाळीचा वाद होतो तेव्हा पलीकडे बसलेल्यांच्या उभ्या पिकाचा प्रश्न असतो. आपल्याला हवं तितकं वापरता यावं म्हणून त्यांचं घ्यायचं हे मला पटत नाही.

तरी टँकर घ्यावाच लागला तर पैसे कसे वाटायचे हा भांडणाचा खरा मुद्दा. सगळ्या फ्लॅटला सारखे लावले तर वन बीएचकेवाल्यांनी तीन बाथरूमचा भार उचलायचा, माणशी लावले तर आजी-आजोबा सांभाळणाऱ्या घराला दंड. मीटर असेल तर पहिले माणशी १०० लिटर नेहमीच्या मेंटेनन्समध्ये आणि टँकरचा पूर्ण खर्च त्याच्या वरच्या लिटरवर, हे सगळ्यात स्वच्छ. मीटर नसेल तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायची पद्धत आहेच, तीच टँकरला लावा. अचूक नाही, पण भार साधारण योग्य खांद्यावर जातो.

कुठलाही ठराव केलात तरी त्यात संपायची तारीख लिहा. धरणातलं पाणी साधारण जुलैच्या मध्यापर्यंत तरी पुरवायचं असं नियोजन असतं, म्हणून १५ जुलै ही तारीख धरा आणि त्या दिवशी परत मिटिंग बोलवा, पुढे न्यायचं असेल तर परत हात वर करून न्या. नाहीतर मग पाऊस पडतो, टाकी भरते, आणि व्हॉल्व्ह मात्र दिवाळीपर्यंत सकाळी दीड तासच उघडतो.