ग्राफ आणि डेरिव्हेटिव्ह: मॅक्सिमा की सिमपाय?

दोन्ही चिन्हांचं गणित सोडवणारी सॉफ्टवेअर: मॅक्सिमा स्वतंत्र प्रोग्राम, तर सिमपाय पायथन या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड खुला. फंक्शनचा ग्राफ काढून त्याच्याच शेजारी डेरिव्हेटिव्हचा ग्राफ बघणं एवढंच काम असेल, तर दोघांच्याही डाव्या हाताचा मळ. मी दोन्ही वापरली आणि एकावर स्थिरावलो. ते एका बारीकशा कटकटीमुळे झालं, आणि ती कटकट तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

ग्राफचं आधी उरकतो. ग्राफ काढण्याचं काम दोन्ही दुसऱ्यांवर सोपवतात: मॅक्सिमा बहुधा न्यूप्लॉटला हाक मारतं, सिमपाय मॅटप्लॉटलिबला. दिसायला मला सिमपायचे ग्राफ जरा उजवे वाटतात. टॅनसारखं फंक्शन दिलंत तर वायची मर्यादा दोन्हीकडे स्वतः घाला, नाहीतर उभ्या उंच सुळक्यांखेरीज काही दिसत नाही.

आता ती कटकट. एक्सचा २/३ घात घ्या. शून्यापाशी अणकुचीदार टोक, तिथे डेरिव्हेटिव्ह नाही, म्हणून शिकवताना हमखास येणारं फंक्शन. मॅक्सिमात जसंच्या तसं टाइप केलं की उत्तरात २, ३ आणि १/३ हे आकडे वहीतल्यासारखे येतात. सिमपायमध्ये तसंच टाइप केलं तर ०.६६६… आणि ०.३३३… अशा दशांशांची लांबलचक शेपटी येते. दोष सिमपायचा म्हणता येणार नाही. २ भागिले ३ हा भागाकार पायथन आधीच करून टाकतो, सिमपायच्या हाती दशांशच पडतो. एक्स भागिले ३ लिहिलं तर काही बिघडत नाही, कारण तिथे एक्स हे चिन्ह असतं. म्हणजे एकाच ओळीतला एक भागाकार अचूक आणि दुसरा अंदाजे! त्यावर ना एरर, ना सूचना. ग्राफही हुबेहूब तसाच येतो, त्यामुळे तिथूनही कळायला मार्ग नाही. २/३ ऐवजी 'रॅशनल(२, ३)', म्हणजे अचूक अपूर्णांक, असं लिहिलं की प्रश्न सुटतो, पण ते दर वेळी आठवायला हवं.

मॅक्सिमा गुणी बाळ आहे असं नाही. तिथे := (फंक्शन ठरवण्याचं चिन्ह) वापरून 'एफपी' नावाचं फंक्शन केलं आणि उजवीकडे 'डिफ' (डेरिव्हेटिव्ह काढण्याची आज्ञा) लिहिलं, तर ग्राफ छान निघतो. मग स्पर्शिकेचा चढ हवा म्हणून एफपी(२) विचारलं की ते अडतं. := उजवी बाजू तेव्हाच सोडवत नाही, त्यामुळे आधी एक्सच्या जागी २ बसतात आणि मग २ च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह मागितलं जातं. उपाय म्हणजे := ऐवजी 'डिफाइन' वापरणं. वैताग येतो, पण एरर तोंडावर येते आणि काय खटकलं तेही सांगते. ओरडणारी चूक मला परवडते, गप्प बसणारी नाही.

एका ठिकाणी मात्र सिमपायला दाद द्यावी लागते. त्या २/३ घाताच्या ग्राफचा डावा पंख दोन्हीकडे गायब होतो, कारण ऋण संख्येचा असा घात संमिश्र धरला जातो. म्हणून एक्सचं निरपेक्ष मूल्य घेऊन त्याचा घात करायचा. एक्स वास्तव आहे असं आधीच सांगितलं असेल तर सिमपायचं डेरिव्हेटिव्हचं उत्तर जास्त सुटसुटीत येतं. सांगितलं नसेल, तर वास्तव भाग-काल्पनिक भाग असला पसारा मांडून ठेवतं.

तुमचं बाकीचं काम आधीपासून पायथनमध्ये, नमपायच्या ॲरेंवर (आकड्यांच्या याद्यांवर) चालत असेल, तर माझं ऐकू नका. 'लॅम्डिफाय' करून, म्हणजे सूत्राचं आकडे घेणारं पायथन फंक्शन बनवून, डेरिव्हेटिव्ह थेट तिकडे नेता येतं, ही सोय मोठी आहे. पण कागदावर सोडवलेलं गणित पडताळायचं असेल, तर मी तरी डब्ल्यूएक्समॅक्सिमाच (मॅक्सिमा वापरायची मेनू-बटणांची खिडकी) उघडतो.