सुगंधी पूजा तेल, खोबरेल की तीळ? बंद फ्लॅटमधल्या दिव्यासाठी काय घ्यावं

पाचात दोन स्टार, आणि तेही बाटलीच्या झाकणाला. झाकण खरंच मस्त आहे, बारीक धार पडते, समईत ओतताना ओघळ येत नाही. बाकी ह्या 'धूररहित सुगंधी पूजा तेला'बद्दल चांगलं बोलावं असं फार काही नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात त्याच फळीवर पिवळ्याधमक तेलाच्या अजून चार बाटल्या होत्या, सगळ्यांवर देवीचा फोटो, सगळ्यांवर मोगरा नाहीतर चंदन, आणि मागचं लेबलही जवळपास तेच.

आमचा डोंबिवलीतला वन बीएचके, देवघर हॉलमध्येच, सासूबाईंना दम्याचा त्रास आणि नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा. त्यात ऑक्टोबर हीट म्हणजे एसी चालू, खिडक्या बंद. अशा घरात वास आणि काजळी ह्या दोनच गोष्टी बघायच्या असतात, तेल किती 'शुभ' आहे ते नंतर.

बाटली उघडली की मोगरा येतो, छान वाटतं. पण दिवा तासभर चालला की मोगरा जाऊन मागे एक गोडसर जळका वास उरतो, तो पडद्यांत बसतो आणि सकाळीही येतो. साहजिकच आहे म्हणा, अत्तर काही जळण्यासाठी केलेलं नसतं, वातीच्या टोकाशी ते भाजूनच निघणार. लेबलवर 'फक्त पूजेसाठी, खाण्यायोग्य नाही' एवढंच, आत नक्की काय आहे, पाम आहे, राइस ब्रान आहे की मिनरल ऑइल, काही पत्ता नाही. खायच्या तेलाच्या पिशवीवर निदान नाव तरी लिहिलेलं असतं ना, तीळ म्हणजे तीळ. दम्याचं माणूस घरात असताना काय जळतंय ते माहीत नसणं मला पटत नाही, म्हणून ते तेल आता तुळशीपाशी, बाहेर.

काजळी बघायची असेल तर दुकानदाराला विचारू नका, स्टीलची पळी ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर थोडा वेळ धरा. पूजा तेलावर पळीला काळपट डाग आला, बोट फिरवलं की बोट काळं. त्याच निरांजनात, तशाच फुलवातीवर खोबरेल घातलं तर नुसती पुसट धुरकट छटा.

तर खोबरेल. माझ्या मते बंद घरासाठी पहिला नंबर ह्याचाच. ज्योत पांढरटपिवळी, स्थिर, वास जवळजवळ नाहीच, आला तर खोबऱ्याचा मंद. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे निरांजन चिकट होत नाही. करडई, सूर्यफूल ह्या तेलांचा भांड्यावर थर राहिला की ती हवेने घट्ट होतात, समईच्या कडेला जो पिवळा डिंकासारखा चिकटा धरतो आणि चिंचेनेही पटकन निघत नाही तो हाच. जवसाचं तर विचारूच नका, ते रंगात वापरतात तेच मुळी वाळतं म्हणून. खोबरेल तसं वाळत नाही. दोष दोन, एक म्हणजे 24 अंशांच्या खाली थिजतं, डोंबिवलीत फार त्रास नाही पण पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात पहाटे निरांजनात पांढरी वडी मिळेल, आणि दुसरा म्हणजे भाव, 2025 मध्ये खोबरेल जे भडकलं ते बघून दिव्यात ओतताना हात आखडतो. केसांचं सुगंधी खोबरेल मात्र नको हं, परत तीच अत्तराची कटकट, खायचं साधं घ्या.

तिळाचं तेल दुसरा नंबर. थिजत नाही, मंद जळतं, पण लाकडी घाण्याचं, न गाळलेलं घेतलंत तर वास जास्त येतो आणि वात लवकर काजळी धरते, कारण त्यात गाळ असतो. ताटात घाण्याचं भारी, दिव्यात रिफाइंड बरं, हे घाणेवाल्यांना आवडणार नाही पण मला तरी असंच दिसलं. सध्या घरात निम्मं तीळ निम्मं खोबरेल चालू आहे, थिजतही नाही आणि खिशालाही जरा बरं.

एरंडेल हा जुन्या लोकांचा आवडता पर्याय, आणि उगाच नाही, इंग्रजांच्या काळात आपल्याकडे रेल्वेच्या दिव्यांतसुद्धा ते जाळायचे. पुरतं भरपूर. पण इतकं दाट की वातीतून वर चढायला त्याला जड जातं, तेल थोडं खाली गेलं की ज्योत बारीक होऊन विझते. एकटं वापरू नका, दुसऱ्या तेलात थोडं मिसळा. गोडं तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, ठीकठाक. तूप उत्तमच, पण साजूक तुपावर नऊ दिवस अखंड दिवा चालवायचा म्हणजे बजेट वेगळं काढा, आणि रेडीमेड 'तुपातल्या वाती' बऱ्याचदा वनस्पती तुपाच्या असतात, वास घेतला की कळतं. तळणीचं उरलेलं तेल कृपा करून दिव्यात घालू नका, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो.

आता जो वास आपण तेलाच्या माथी मारतो त्यातला निम्मा वातीचा असतो. ज्योत मोठी ठेवली की तिला हवा पुरत नाही आणि न जळलेला कार्बन वर जातो, तीच काजळी. वात पुढे फार सारू नका, ज्योत बोटाच्या एका पेराएवढी पुरे, मधूनमधून चिमट्याने काजळी झाडा, आणि पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात दिवा नको. सगळ्यात घाण वास येतो तो तेल संपल्यावर, कोरडी वात धुमसते तेव्हा. ह्याला आमच्याकडे उपाय म्हणजे पाण्यावरचा दिवा, काचेच्या जाड ग्लासात पाणी, वर दोन बोटं तेल आणि तरंगती वात, तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि चर्र करून विझते, धुमसणं नाही. अखंड दिव्याला अर्थात संपायच्या आधी तेल घालावं लागतंच.

शोभेचा काचेचा उंच दिवा असेल, ज्यात वात टाकीतून वीतभर वर येते, तिथे खाद्यतेल चालणार नाही, ते एवढं वर चढतच नाही. त्यासाठी पॅराफिनचं लॅम्प ऑइल मिळतं, चांगल्या प्रतीचं घेतलं तर वास खरोखर नसल्यासारखा. रॉकेल घरात नकोच, वास तर आहेच पण त्याची वाफ 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, खाद्यतेलाला त्यासाठी 300 च्या आसपास तापावं लागतं. पॅराफिनचा धोका वेगळा आहे. ते पाण्यासारखं पातळ असतं, लहान मुलाने घोटभर जरी प्यायलं तरी फुफ्फुसात उतरू शकतं, आणि रंगीत असलं की मुलांना सरबतच वाटतं. युरोपात ह्याच कारणाने अशी रंगीत आणि वासाची दिव्याची तेलं घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे. चुकून पोटात गेलंच तर उलटी करायला लावायची नाही, थेट दवाखाना. घरात रांगतं मूल असेल तर मी ते आणणारच नाही, दिवा कितीही सुंदर असो.

खोबरेल घेताना अर्ध्या लिटरचंच घ्या. खवट झालेलं तेल जाळलं तरी खवटच वास येतो, आणि पाच लिटरचा डबा देवघराखालच्या कपाटात वर्षभर पडून खवट होणारच.