नैरोबीत ‘अर्ध्या दिवसात बिग फाइव्ह’ असं कोणी विकत असेल तर आधी हे वाचा

नैरोबीला कामासाठी जाताय, किंवा फ्लाइट बदलताना एखादा दिवस हातात आहे आणि तेवढ्यात प्राणी बघून घेऊ असा विचार करताय, तर कृपया हे पूर्ण वाचा. आम्हाला तिथे एकाने पद्धतशीर गंडवलं, आणि परत आल्यावर ओळखीत सांगितलं तर माझ्या नणंदेच्या ऑफिसमधल्या एकांना अगदी हाच प्रकार, जवळपास हीच वाक्यं ऐकायला मिळाली होती. म्हणजे हे एखाद्याच माणसाचं काम नाही, ही ठरलेली पद्धत आहे, म्हणून सगळं तपशीलात लिहितेय.

नवऱ्याचं ऑफिसचं काम होतं, त्याला जोडून मी, सासूबाई आणि लेक असे गेलो होतो. मसाई मारा, म्हणजे तिथलं प्रसिद्ध अभयारण्य, वगैरे करायला वेळच नव्हता. आणि खरं सांगायचं तर नैरोबीत मारा नाही जमलं तरी बघण्यासारखं भरपूर आहे. शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटरवर नैरोबी नॅशनल पार्क, 1946 साली सुरू झालेलं, केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 117 चौरस किलोमीटर, आणि त्यात मोकळे फिरणारे सिंह, काळे गेंडे, रानम्हशी, जिराफ, झेब्रे. मागे शहराच्या उंच इमारती दिसतात. पार्कला लागूनच शेल्ड्रिकचं हत्तीच्या अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र, आणि लांगाटा भागातच थोडं पुढे जिराफ सेंटर. तिन्ही जागा एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की नीट आखलं तर एका दिवसात आरामात होतात. फसवणारे बरोबर याच गोष्टीचा फायदा घेतात, कारण ‘एका दिवसात तिन्ही’ हे वाक्य खरंच असतं, त्याच्या पोटातलं बाकी सगळं खोटं.

प्रवासाच्या एका ग्रुपवर मी चौकशी केली होती, त्यावरून एकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला फोटो, हत्तींचे फोटो, लॅन्ड क्रूझरचे फोटो, आणि बोलायला अतिशय गोड. नैरोबीत गुजराती लोक पिढ्यानपिढ्या आहेत त्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ‘मामा, जांबो’ करून झालं, तिकडे मोठ्या बायकांना आदराने मामा म्हणतात आणि जांबो म्हणजे नमस्कार. आधी तो म्हणाला मारा एका दिवसात करून आणतो. नवऱ्याच्या तिथल्या सहकाऱ्याने ऐकूनच सांगितलं की नारोक गावावरून रस्त्याने एका बाजूला पाच-सहा तास लागतात, म्हणजे दिवस गाडीतच. ते नाही म्हटल्यावर त्याने लगेच दुसरं काढलं, नैरोबी पार्कमध्ये अर्ध्या दिवसात बिग फाइव्ह, नंतर हत्तीची पिल्लं, नंतर जिराफ, जेवण, गाडी, सगळी तिकिटं धरून एकच रक्कम.

इथे थांबून एक गोष्ट सांगते. बिग फाइव्ह म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. नैरोबी पार्कमध्ये रानटी हत्ती नाहीतच! तिथे हत्ती म्हणजे फक्त शेल्ड्रिकची पिल्लं. त्यामुळे जो माणूस नैरोबी पार्कमध्ये बिग फाइव्ह दाखवतो म्हणतो तो पहिल्याच वाक्यात खोटं बोलतोय, त्याच्याशी पुढे बोलायची गरजच नाही.

मग पैशांचा भाग, आणि खरी मेख इथेच आहे. केनियात वन्यजीव खात्याच्या, म्हणजे केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या गेटवर रोख पैसे चालत नाहीत, सरकारी ई-सिटिझन पोर्टलवरून भरावे लागतात. हे खरं आहे. त्याने यावर काय सांगितलं, की हे फक्त एम-पेसावरून, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेतून होतं, एम-पेसाला केनियाचं सिम लागतं, तुमच्याकडे ते नाही, तर तुम्ही डॉलर माझ्याकडे रोख द्या, मी माझ्या फोनवरून भरतो. ऐकायला एकदम पटतं. पण त्या पोर्टलवर आपलं नेहमीचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, ही गोष्ट तो बोललाच नाही. त्यात अजून एक, तिथे केनियन नागरिकांचा दर शिलिंगमध्ये आणि अगदी कमी, आपल्यासारख्या परदेशी लोकांचा दर डॉलरमध्ये आणि कितीतरी जास्त. म्हणजे परदेशी दराने आपल्याकडून घ्यायचे आणि नागरिकांच्या दराने भरायचे, मधला फरक खिशात. आमचे चौघांचे चारशेच्या आसपास डॉलर त्याने आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत मोजून घेतले, पावती मागितली तर म्हणाला पावती पोर्टलवरून येते, सकाळी पाठवतो.

सकाळी सहाला गाडी येणार होती. पार्क सहाला उघडतं आणि प्राणी दिसायची खरी वेळ तीच, ऊन चढलं की सिंह झुडपात जाऊन पडतात. गाडी आली नऊ वाजून गेल्यावर, ट्रॅफिक म्हणे. तो स्वतः आलाच नाही, भलताच ड्रायव्हर आणि लॅन्ड क्रूझरच्या जागी एक साधी जुनी व्हॅन, जिचं छप्पर उघडतसुद्धा नव्हतं. लांगाटा रोडवरच्या मेन गेटच्या आवारात गाडी पार्क केली आणि म्हणाला उतरा, इथून चालत.

चालत? राष्ट्रीय उद्यानात सिंह मोकळे आहेत आणि आपण चालत? पण पुढे खरंच एक उंचावरचा लाकडी पूल होता, त्यावरून लोक चालत होते, शाळेची युनिफॉर्ममधली पोरं दोन-दोनच्या रांगेत, हातात हात धरून, आणि खाली दोन्ही बाजूंना कुंपणाआड प्राणी. एक बोंगो, म्हणजे मोठ्या हरणासारखा प्राणी, अगदी जवळ उभा होता, तांबूस रंगाचा, अंगावर पांढऱ्या उभ्या रेघा, कान हलवत पानं चघळत. फार सुंदर प्राणी आहे, केनियाच्या डोंगरातल्या जंगलात आता अगदी थोडे उरलेत. पण तो कुंपणात होता. लेकीने पाटी वाचली आणि म्हणाली, आई इथे नैरोबी सफारी वॉक लिहिलंय, नॅशनल पार्क नाही लिहिलेलं.

तर कसंय की मेन गेटच्या त्याच आवारात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक हा सफारी वॉक. दुसरं ॲनिमल ऑर्फनेज, 1964 साली सुरू झालेलं, जखमी आणि आईविना सापडलेले प्राणी ठेवतात ते. आणि तिसरं खरं पार्क, जिथे गाडीशिवाय जाताच येत नाही. तिघांची तिकिटं वेगळी, पार्कचं सगळ्यात महाग. नवख्या माणसाला बाहेरून सगळं एकच वाटतं, पाटीवर सगळीकडे नैरोबी आणि वन्यजीव खात्याचं चिन्ह. पार्कचे पैसे घ्यायचे आणि सफारी वॉक फिरवून ‘झालं पार्क’ म्हणून बाहेर काढायचं, हा धंदा आहे. सफारी वॉक किंवा ऑर्फनेज वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, लहान मुलं बरोबर असतील आणि वेळ कमी असेल तर जरूर जा, पण त्याच्याच तिकिटात.

मी ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला हीच वॉकिंग सफारी, हेच पॅकेजमध्ये आहे. मग मी सरळ गेटवरच्या रेंजर बाईंकडे गेले आणि ज्या तिकिटावर आम्हाला आत सोडलं ते दाखवा म्हटलं. त्या बिचाऱ्या शांत होत्या. त्यांनी ड्रायव्हरच्या फोनवरचा स्क्रीनशॉट मोठा करून दाखवला, सफारी वॉक, प्रौढ, नागरिक दर. आमच्यापैकी कोणाचंही नाव नाही, पासपोर्ट नंबर नाही. नियमाप्रमाणे आम्हाला फरक भरायला लागला, तो आम्ही तिथेच उभं राहून कार्डाने भरला आणि पाच मिनिटांत नवऱ्याच्या नावाची पावती ईमेलवर आली. म्हणजे जे ‘तुम्हाला जमणारच नाही’ म्हणून चारशे डॉलर घेतले होते ते काम एवढं सोपं होतं. मला त्या क्षणी जो राग आला तो अजून गेलेला नाही.

ही रागावण्याची वेळ होती, पण सासूबाईंना हत्तीची पिल्लं बघायची होती, मुख्य म्हणजे त्यासाठीच त्या आल्या होत्या, तर तिकडे निघालो. शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट, डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी 1977 मध्ये पतीच्या स्मरणार्थ सुरू केलेली संस्था. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही, त्यासाठी या बाईंनी वर्षानुवर्षं धडपडून खोबरेल तेल घालून दुधाचा फॉर्म्युला बसवला आणि पिल्लं जगायला लागली. मोठी झाली की त्यांना त्सावो राष्ट्रीय उद्यानात नेऊन हळूहळू रानात सोडतात. लोकांना बघायला दिवसातला एकच तास, सकाळी 11 ते 12, आणि आधी नाव नोंदवलेलं लागतं. त्याचं गेटसुद्धा वेगळं, मगाडी रोडच्या बाजूला.

आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. लोक बाहेर पडत होते, पोरांच्या कपड्यांवर लाल चिखलाचे शिंतोडे, कारण पिल्लं चिखलात लोळून उठली की दोरीजवळ उभ्या असलेल्यांवर उडतोच. यादीत आमचं नाव होतं का विचारलं, नव्हतं. त्या दिवसाचंही नाही आणि दुसऱ्या कुठल्या दिवसाचंही नाही. ड्रायव्हर लगेच कानाशी येऊन म्हणाला, आत माझा मित्र आहे, पन्नास डॉलर द्या, मागच्या बाजूने दाखवतो. नवऱ्याने त्याला स्पष्ट नाही सांगितलं. असं कोणी म्हणालं तर अजिबात देऊ नका, ती आजारी, घाबरलेली, आई मेलेली पिल्लं आहेत, माणसांची वर्दळ कमी राहावी म्हणूनच तो एक तास ठरवलाय. सासूबाई काही बोलल्या नाहीत, गाडीत येऊन बसल्या. त्या एवढ्या लांब आल्या होत्या आणि त्यांचं ते बघणं कोणाच्या तरी लबाडीमुळे हुकलं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

येताना अजून एक प्रकार झाला. माझ्या पिशवीत पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. केनियात राष्ट्रीय उद्यानांमध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर 2020 पासून बंदी आहे, त्यात बाटल्याही आल्या, आणि बंदी चांगलीच आहे. पण हा पठ्ठ्या म्हणाला रेंजरने पाहिलंय, दंड माझ्याकडे द्या, मी मिटवतो. दंडाची पावती कोण देणार विचारल्यावर गप्प. मग वाटेत एका लाकडी मूर्तींच्या दुकानासमोर गाडी थांबवून चाळीस मिनिटं हलायलाच तयार नाही, तिथे त्याचं कमिशन असणार.

जिराफ सेंटरला मात्र सगळं आमच्या हातात ठेवलं. तिकीट खिडकीवर कार्ड दिलं, आत गेलो, उंच चौथऱ्यावरून हातातल्या वाडग्यातली गोळ्यांसारखी पेंड भरवायची असते. जिराफाचं डोकं एकदम आपल्या तोंडासमोर येतं, पापण्या केवढ्या लांब, आणि दीड फुटाच्या आसपासची काळपट जांभळी जीभ हातावर गुंडाळून गोळी उचलून नेते, खरबरीत आणि ओली. सासूबाई दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. तिथल्या मुलीने सांगितलं की जिराफाची ही जात केनियात संपत आली होती, म्हणून 1979 मध्ये हे काम सुरू झालं.

संध्याकाळी त्या माणसाला फोन लावला तर बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक. हॉटेलने टुरिस्ट पोलिसांचा नंबर दिला, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ऑपरेटरचा लायसन्स नंबर काय? केनियात टूर चालवणाऱ्याला टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीचं लायसन्स लागतं, आणि बरेच चांगले ऑपरेटर काटो नावाच्या संघटनेचे सभासद असतात, संघटनेच्या साइटवर नाव शोधता येतं. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र यातलं कुठलंच नव्हतं. तक्रार दिलीये, स्क्रीनशॉट दिलेत, पैसे अजून मिळालेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतीच्या आधी नवऱ्याच्या सहकाऱ्याने त्याच्या माहितीतला ड्रायव्हर दिला. तिकीट आम्ही रात्रीच पोर्टलवर आमच्या पासपोर्टवर काढलं होतं, ताडोब्याला जसं नाव आणि ओळखपत्र जुळवून आत सोडतात तसंच गेटवर पाहिलं आणि सहा-सव्वासहाला आत. गेंड्याची मादी आणि पिल्लू, रस्त्यापासून लांब नव्हते, शहामृग, रानम्हशींचा मोठा कळप. सिंह नाही दिसले, आणि ड्रायव्हरने आधीच सांगितलं होतं की खात्री देत नाही. मला हेच ऐकायचं होतं! हस्तिदंत जाळलेली जागाही त्याने दाखवली, 1989 मध्ये 12 टन आणि 2016 मध्ये 105 टन हस्तिदंत सरकारने तिथे पेटवून दिलं, शिकारी आणि व्यापाऱ्यांना कळावं म्हणून. तिथे उभं राहिल्यावर शेल्ड्रिकची पिल्लं अनाथ का होतात हे लेकीला समजावून सांगावं लागलं नाही.

तर जाणाऱ्यांनी एवढं करा. पार्कचं तिकीट स्वतः, सरकारी पोर्टलवर, आपल्या कार्डाने, आपल्या नावावर. दर बदलत असतात, त्यामुळे कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, पोर्टलवर दिसेल तो खरा. शेल्ड्रिकचं बुकिंग त्यांच्याच साइटवर, विमानाच्या तिकिटाबरोबरच करून टाका, आणि 25 डिसेंबरला ते बंद असतं. ड्रायव्हरला फक्त गाडीचे आणि त्याच्या वेळेचे पैसे, अर्धे नंतर. ‘नैरोबी पार्क’ म्हणजे गाडीतून फिरायचं मोठं पार्क की सफारी वॉक हे मेसेजमध्ये लिहून घ्या. आणि हो, जाण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए आहे, त्याच्याही हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट जास्त पैसे लावतात, पत्त्याच्या शेवटी गो डॉट केई आहे ना बघा.

त्या माणसाने नंबर आणि नाव बदललंय, पण फोटो तेच टाकतोय. त्यातला एक सगळ्यात पुढे असतो, हत्तींचा कळप आणि मागे बर्फाची टोपी घातलेला किलिमांजारो पर्वत. तो फोटो अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाचा आहे, नैरोबीपासून गाडीने चार तासांवरचा. त्याच्याखाली ‘नैरोबी, अर्धा दिवस’ असं लिहिलेलं दिसलं की पोस्ट रिपोर्ट करा आणि इथे खाली नंबर टाका, मी टुरिस्ट पोलिसांना दिलेल्या तक्रारीत जोडत राहीन.