सॅक्रामेंटो किंग्जचं सीझन तिकीट, सहा महिने वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू खरं तर एप्रिलमधेच लिहायचा होता, पण तेव्हा अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधली ही टीम पुढच्या वर्षी या गावात असणार की नाही हेच माहीत नव्हतं, आणि जी वस्तू दुकानातून उठायच्या बेतात आहे तिचा रिव्ह्यू लिहून वाचणाऱ्यांनी करायचं काय. आता जून 2013 चालू आहे, निकाल लागलाय, म्हणून लिहितेय.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो. मी शाळेत असताना पुण्यात बास्केटबॉल खेळायचे, जिल्ह्याच्या पुढे काही मजल गेली नाही, पण बोर्डवर बॉल आपटल्याचा आवाज आला की अजून मान वळते. गेल्या ऑक्टोबरमधे ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर निम्म्या-निम्म्या भागीत पूर्ण सीझनसाठी दोन सीट घेतल्या, घरच्या 41 मॅचेस वाटून घेतल्या, माझ्या वाट्याला आणि तिच्या कंटाळ्याला मिळून मी 24 बघितल्या. वरचा मजला, बास्केटच्या मागे, एकदम स्वस्तातलं. नवऱ्याचं म्हणणं होतं की हरणाऱ्या टीमचं तिकीट कोण आगाऊ घेतं, आयत्या वेळी दारात मिळेल की. बरोबरच होतं त्याचं. हरणाऱ्या टीमचं आगाऊ तिकीट घेण्याला व्यवहाराच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही, हे घेणाऱ्याने आधीच मनाशी कबूल करावं म्हणजे नंतर चिडचिड होत नाही.

तर खेळाबद्दल आधी. 82 मॅचेस, 28 जिंकल्या, 54 हरल्या. 2006 नंतर प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी, नाहीच. पण नुसते आकडे बघून कळणार नाही असं काहीतरी या पोरांमधे आहे. पोरंच म्हणायची, डीमार्कस कझिन्स बावीस वर्षांचा, सहा फूट अकरा इंच, हात असे की रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून उडालेले बॉल, स्वतःहून त्याच्याकडे येतात असं वाटावं, आणि डोकं असं की रेफ्रीने शिट्टी मारली की आमच्या अख्ख्या रांगेला पोटात गोळा यायचा कारण पुढे वाद घालून टेक्निकल फाउल ठरलेला. नोव्हेंबरमधे सॅन अँटोनियोच्या कॉमेंटेटरशी भांडून सस्पेंड, डिसेंबरमधे टीमनेच सस्पेंड केलं. वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात जास्त वेळा वर्गाबाहेर उभा असलेला मुलगा आठवा, तो हाच. टायरीक एव्हान्स 2010 चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा खेळाडू, त्यानंतर पुढे सरकायचं विसरल्यासारखा. जिमर फ्रेडेट मैदानावर आला की लोक वेडे व्हायचे, कॉलेजात तो काय खेळलाय हे त्यांनी पाहिलेलं, इथे मात्र बिचारा बहुतेक वेळ बेंचवर. ड्राफ्टमधे, म्हणजे टीम्स नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, पाचवा घेतलेला थॉमस रॉबिन्सन तर पहिला सीझन संपायच्या आत फेब्रुवारीत ह्यूस्टनला पाठवला, म्हणजे मुलाच्या भिंतीवर पोस्टर चिकटवलं त्याची टेप पण वाळली नव्हती.

आणि आयझया थॉमस. पाच फूट नऊ इंच. 2011 च्या ड्राफ्टमधला 60 वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. आमचा चिरंजीव आठ वर्षांचा आहे आणि वर्गात सगळ्यात बुटका, त्याला या माणसाचं काय झालं असेल ते सांगायला नको. 22 नंबरची जर्सी धुवायला मिळवणं हे आमच्या घरात वेगळं काम आहे. गंमत म्हणजे हा आयझया टकोमाचा, सिएटलच्या शेजारचा, कॉलेज पण सिएटललाच. आणि टीम न्यायला निघाले होते ते सिएटललाच. त्याला त्या चार महिन्यांत काय वाटत असेल हा विचार मी ट्रॅफिकमधे बसून बऱ्याचदा केलाय.

जिंकलेल्या मॅचेसपैकी एकच सांगते. 28 डिसेंबर, न्यूयॉर्क निक्स. बाहेर आपल्या या व्हॅलीतलं ते दाट धुकं, हायवेवर पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतायत, नवरा म्हणतोय परत फिरूया. मोठी लीड होती आपली, ती सगळीच्या सगळी घालवली, नेहमीप्रमाणे, लोकांनी जॅकेट घालायला सुरुवात केलेली, आणि शेवटच्या सेकंदाला जेम्स जॉन्सनने कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा बास्केट, टाकला. ज्या माणसाला थ्री टाकू नको म्हणून लोक वरून ओरडतात त्या माणसाने. 106-105. घरी येईपर्यंत पोरगा गाडीत तोंडाने बझर वाजवत होता. असं पूर्ण सीझनमधे तीन-चार वेळा होतं, बाकी वेळा तुम्ही चौथ्या क्वार्टरमधे पार्किंगमधून लवकर कसं निघायचं याचा हिशोब करत असता.

अरीना जुना आहे, 1988 चा, नाटोमासमधे चहूबाजूला पार्किंग आणि त्यापलीकडे मोकळी जमीन, ट्रेन तिथपर्यंत जात नाही. नाव इतक्या वेळा बदललंय की आर्को म्हणायचं का पॉवर बॅलन्स का स्लीप ट्रेन यावरून माणूस किती जुना फॅन आहे ते कळतं. आवाज मात्र असा घुमतो की विचारू नका. आणि घंटा! गाईगुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येतात लोक. लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमचा कोच फिल जॅक्सनने एकदा सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं होतं, तर यांनी लाजायचं सोडून घंटाच आणल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं आपण बेंदराच्या मिरवणुकीत आलो.

आमच्या शेजारच्या सीटवर एक आजोबा, सरकारी नोकरीतून रिटायर, 1985 पासून तिकीट घेतायत. तेव्हा टीम नुकतीच कॅन्सस सिटीहून आली होती आणि दहा हजार सीटच्या तात्पुरत्या अरीनात खेळायची. टीम जाणार जाणार म्हणून सगळे गळे काढायला लागले तेव्हा हेच एकटे शांत. म्हणाले, ही पोरगी आपण पण दुसऱ्याच्या घरातूनच आणलीय. रॉचेस्टरला जन्म, मग सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, मग इथे. एकमेव चॅम्पियनशिप आहे ती सुद्धा 1951 ची, रॉचेस्टरची. मला हे माहीतच नव्हतं. त्यानंतर टीम कुणाची हा प्रश्न डोक्यातून गेलाच नाही.

आता मुख्य भाग. 9 जानेवारीला बातमी फुटली की मालक मलूफ कुटुंब टीम सिएटलच्या ख्रिस हॅन्सन आणि स्टीव्ह बाल्मरच्या ग्रुपला विकतंय. पंधरा दिवसांच्या आत करार पण झाला, टीमची किंमत 525 मिलियन डॉलर धरून 65 टक्के हिस्सा. तसं 2011 मधे अनाहाइमला जाता जाता राहिली होती आणि 2012 मधे नव्या अरीनाचं ठरून मोडलं होतं, त्यामुळे जुने लोक या दुखण्याला सरावलेले, मी नवीन होते. आणि इथून पुढे हातातल्या तिकिटाचा अर्थच बदलला. म्हणजे बघा, तुम्ही मॅचला गेलात तर तुमचे पैसे जाणार त्याच मालकांना जे टीम विकून मोकळे होतायत. नाही गेलात तर रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसणार आणि लीग म्हणणार बघा, या गावाला टीम नकोच आहे. या वर्षी गर्दीत आपला नंबर लीगमधे शेवटचा होता, आणि हेच ते गाव जिथे 1999 ते 2007 सलग 354 मॅचेस हाउसफुल होत्या. काहींनी ठरवलं एक डॉलर देणार नाही, काही रोज यायला लागले, आणि दोघेही बरोबर होते. माझ्या मैत्रिणीने फेब्रुवारीपासून यायचं बंद केलं, तत्त्व म्हणून. मी तिच्या वाटच्या मॅचेसना पण जायला लागले, माझंही तत्त्वच, पण खरं सांगायचं तर पोरगा ऐकत नव्हता.

महापौर केव्हिन जॉन्सन, हा इथलाच ओक पार्कचा मुलगा, स्वतः फिनिक्स सन्सकडून वर्षानुवर्षं एनबीए खेळलेला, तो टीम इथेच ठेवेल असं गिऱ्हाईक शोधत हिंडत होता. मार्चमधे एक नाव आलं आणि आमच्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर एकदम जान आली: विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेला, एमआयटीला शिकलेला, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढलेला, गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीएतल्याच दुसऱ्या टीममधे छोटा भागीदार. तोपर्यंत ज्यांना बास्केटबॉलमधे किती जण खेळतात हे माहीत नव्हतं ते पण 'आपला माणूस' म्हणायला लागले. मला जरा हसू आलं, कारण आपला माणूस असला तरी अब्जावधीवाला तो अब्जावधीवालाच, भाजी घ्यायला आपल्याबरोबर येणार नाहीये. पण हो, नाव वाचून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

26 मार्चला सिटी काउन्सिलने 7 विरुद्ध 2 मतांनी डाउनटाउनमधल्या नव्या अरीनाचा आराखडा पास केला. साधारण 448 मिलियनचा खर्च, त्यातले 258 शहराच्या गळ्यात. इथे माझं मत घरातल्या कुणाशीच जुळत नाही. विरोधात मत देणारे ते दोघे मला वेडे वाटले नाहीत. पार्किंगच्या उत्पन्नावर कर्ज काढायचं, धनाढ्य लोकांसाठी इमारत बांधायची, आणि उद्या परत कुणी म्हणालं की जुनी झाली? टीम राहावी म्हणून मी घसा फोडून ओरडत होते आणि त्याच वेळी हे पण वाटत होतं.

शेवटची मॅच 17 एप्रिल, क्लिपर्सविरुद्ध. 17,317 सीट, सगळ्या भरलेल्या. कझिन्सने 36 पॉइंट आणि 22 रिबाउंड काढले, म्हणजे आयुष्यातलं सगळं शहाणपण त्या दिवसासाठी राखून ठेवल्यासारखा खेळला, आणि तरी हरलो, 112-108. मॅच संपल्यावर लोक हललेच नाहीत. 'सॅक-रा-मेन-टो' चालू. आजोबांनी घंटा वाजवायची थांबवली आणि रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली. माझा पोरगा त्यांना विचारतोय, पुढच्या वर्षी तुम्ही इथेच बसणार ना. ते म्हणाले मी तर बसेन बाबा, समोर कोण खेळेल ते माहीत नाही.

मग 29 एप्रिलला लीगच्या कमिटीने एकमताने स्थलांतराला नाही म्हटलं, सिएटलवाल्यांनी किंमत वाढवत 625 पर्यंत नेली, आणि 15 मेला डॅलसला लीगमधल्या सगळ्या टीम्सच्या मालकांच्या बैठकीत 22 विरुद्ध 8 मतांनी टीम इथेच ठेवायचं ठरलं. मी ऑफिसात मीटिंगमधे होते, फोन मांडीवर, आणि तोंडातून 'आयला' बाहेर पडलं, सुदैवाने कुणाला कळलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात, 21 तारखेला, सहाराने आयपीएलमधून अंग काढून घेतल्याची बातमी आली. म्हणजे माझ्या गावची पुणे वॉरियर्स गेल्यात जमा. ती पण तळालाच असायची, नऊ टीममधे आठवी. पण पुण्यात आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, अगं हो का, पेपरात होतं वाटतं काहीतरी. तीन वर्षांत टीम आली काय, गेली काय, गहुंजेला एकही घंटा वाजली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं ते तिकडचं, आणि वाटत होतं ते इकडचं, हे मला जरा विचित्रच वाटलं.

सिएटलबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. माझा मावसभाऊ सिएटलजवळ रेडमंडला असतो, मी त्याला दादा म्हणते. सिएटलच्या जुन्या टीमचा, सॉनिक्सचा फॅन. 2007-08 ला त्यांच्याकडे पण अशीच कोवळी, हरणारी टीम होती, 20 जिंकल्या 62 हरल्या, पण केव्हिन ड्युरंट रूकी होता. पुढच्या वर्षी टीम ओक्लाहोमा सिटीला गेली, 41 सीझननंतर. ड्युरंट मोठा झाला, फायनल खेळला, ते सगळं दादाने दुसऱ्या गावाच्या नावाने टीव्हीवर बघितलं. जानेवारीत त्याचा फोन आला तेव्हा आवाजात आनंद लपत नव्हता आणि लाज पण. मी चिडून म्हणलं, तुमची नेली तेव्हा कसं वाटलं होतं ते विसरलास का दादा? तो म्हणाला, विसरलो नाही म्हणूनच तर हवीय. यावर मला काही बोलता आलं नाही. नंतर चार महिने आम्ही फोनवर मुलांच्या शाळा आणि मावशीचे गुडघे यावरच बोललो.

तर तिकीट घ्यावं का? जिंकलेलं बघायचं असेल तर घेऊ नका, अजून दोन-तीन वर्षं तरी नाही, ड्राफ्टला पण यंदा सातवाच नंबर लागलाय. नवा कोच माइक मलोन येतोय, बघू. वरच्या मजल्यावर गुडघे दुखणाऱ्यांनी घेऊ नये, पायऱ्या फार उभ्या आहेत. लहान मूल असेल तर डोळे मिटून घ्या, कारण हरल्यावर पण जेवायचं असतं आणि उद्या शाळा असते हे त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं. पाचपैकी साडेतीन. अर्धा मी मैत्रिणीच्या बाजूने कापलाय. पुढच्या सीझनचे पैसे भरलेत, त्याच दोन सीट, आणि तीही परत भागीत आलीय.

15 मेच्या संध्याकाळी दादाचा मेसेज आला होता. 'अभिनंदन. आम्हाला घंटा.' मी हसले, मग हसू ओसरलं. आजोबांकडे एक जादाची घंटा होती, पितळी, 2002 सालातली, ती त्यांनी शेवटच्या मॅचला माझ्या पोराच्या हातात दिली होती. त्यांना फोन करून विचारलं की सिएटलला पाठवली तर चालेल का. ते थोडं थांबून म्हणाले, पाठव. गेल्या सोमवारी कुरियर केलीय. ट्रॅकिंगवर पोचली असं दाखवतंय, दादाचा फोन अजून आलेला नाही.