ठळक ग्रेन हवा: रोडिनाल, पुश, की सरळ ३२०० चा रोल?

फिल्मवर काढलेल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत दाणा (ग्रेन) उठून दिसावा असं वाटत असेल, तर ३५ मिमीवर तीन वाटा आहेत. ४०० आयएसओचा (हा फिल्मच्या वेगाचा आकडा) एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स रोल रोडिनाल या डेव्हलपरमध्ये धुवा, तोच रोल १६०० ला पुश करा, म्हणजे १६०० चा समजून फोटो काढा आणि जास्त वेळ धुवा, नाहीतर डेल्टा ३२०० ही वेगवान फिल्म घ्या. १२० चा, म्हणजे जास्त रुंद फिल्मचा, रोल या कामाला नको. त्यातला दाणा तेवढाच असतो, पण निगेटिव्ह मोठी म्हणून ती कमी वाढवावी लागते आणि दाणा दबून जातो.

नागपुरात खरा सवाल फोटो कधी काढणार हा आहे. मे महिन्यात दुपारी कॉटन मार्केटमध्ये ३२०० वर मीटर लावून बघा. भर उन्हाचा जुना हिशेब असा, की एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे जवळपास १/३२००. पेंटॅक्स के१००० चं शटर १/१००० ला संपतं. ४०० चा रोल तिथेच एफ/१६, १/५०० वर आरामात चालतो. एनडी फिल्टर लावता येतो म्हणा, पण वेगवान फिल्मला जास्त पैसे मोजायचे आणि पुढे काळी काच लावून तिचा वेग मारायचा, हे मला पटत नाही. दिवसाचं काम असेल तर माझं मत रोडिनाललाच.

कारण सोपं आहे. डी-७६ किंवा आयडी-११ या दुसऱ्या डेव्हलपरच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. पातळ न करता वापरलं तर ते चांदीच्या दाण्यांच्या कडा विरघळवून मऊ करतं. १८९१ पासूनच्या रोडिनालमध्ये, तेही पातळ केल्यावर, सल्फाइट नावापुरतं उरतं. त्यामुळे दाणा रव्यासारखा सुटा राहतो. तो सगळ्यात जास्त दिसतो मधल्या करड्या रंगांत: आकाश, सिमेंटची भिंत. गडद सावलीत तो हरवतो. सावल्यांतला तपशील रोडिनाल थोडा खातं, म्हणून मीटर २५० वर ठेवा. निगेटिव्ह जरा दाट झाली की दाणाही वाढतो, आपल्याला तेच हवंय.

पुशमध्ये दाणा वाढतो, पण त्याहून जास्त वाढतो कॉन्ट्रास्ट. आयडी-११ मध्ये एचपी५ ला २० अंशांवर ४०० साठी साडेसात मिनिटं लागतात, १६०० साठी १४. कडक उन्हात असं केलंत तर माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतील. ढगाळ हवेत मात्र पुश शोभतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते तेव्हा आभाळ भरलेलं असेल, तर महाल-इतवारीच्या गल्ल्यांत मी १६०० च लावेन.

रात्री बर्डीवर (सीताबर्डीत) दुकानांच्या उजेडात फिरायचं तर डेल्टा ३२००. त्याचा खरा वेग १००० च्या आसपास, म्हणजे ३२०० हाही एक प्रकारचा पुशच. दाणा मोठा पण मऊ. उष्णतेने वेगवान फिल्मवर धूसरपणा लवकर चढतो, म्हणून रोल फ्रिजमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यात कुरिअरच्या भरवशावर सोडू नका.

घरी धुणार असाल तर पाण्याचं बघा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं. रोडिनाल १+२५ ला (एक भाग रोडिनाल, २५ भाग पाणी) एचपी५ २० अंशांवर ६ मिनिटांत होतो. २४ वर वेळ साधारण ४ मिनिटांवर येते, आणि ५ मिनिटांच्या आत उरकलेल्या रोलवर पट्टे पडायची भीती असते. म्हणून १+५० बरं: २० वर ११ मिनिटं, २४ वर साधारण साडेसात. बर्फाच्या बाटल्या परातीत ठेवून डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर ही रसायनं आणि धुण्याचं पाणी सगळं २४ ला आणा. गरम डेव्हलपरने दाणा वाढवायच्या युक्त्या ऐकू येतात. त्यात हमखास मिळतात ते डाग.

स्कॅनवर कंजुषी करू नका. साधा फ्लॅटबेड स्कॅनर दाण्याची धार बोथट करतो. मॅक्रो लेन्स लावून डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपली तर ती धार टिकते. लॅबमध्ये देणार असाल तर नॉइज रिडक्शन बंद ठेवायला आधीच सांगा.