पोटाचा पट्टा: सात महिने वापरून

गेल्या आठवड्यात बाळंतपणानंतर पोटाला बांधायच्या पट्ट्याचं वेल्क्रो उसवून हातात आलं, म्हणून लिहितेय. ९५० रुपये मोजले होते. दुकानदार म्हणाला, "बेन, सहा महिन्यांची वॉरंटी होती." मला सात झालेत.

वेल्क्रोचा राग आजचा नाही. रात्री दोनला बाळ दूध पिऊन कसंबसं झोपतं, आपण पट्टा सैल करायला जातो आणि खर्रर्र! पुन्हा तासभर जागरण. साधे हुक लावायला काय झालं होतं? आईने तिच्या जुन्या सुती साडीची पट्टी बांधली होती, तिचा काही आवाज नव्हता. ती सोडून मीच हा आणला. त्यात बडोद्याचा मे महिना, पट्ट्याखाली नुसत्या घामोळ्या.

सिझरनंतरचे पंधरा दिवस मात्र याने खरंच सांभाळलं. कुशीवर वळून उठताना, खोकताना टाक्यांना आधार मिळायचा. तेव्हा मी सगळ्यांना घ्या म्हणून सांगत होते.

पण मी घेतला होता पोट उतरवायला. दुसऱ्या महिन्यात काटा ६८ वर अडकला (आधी ५५ होते), तेव्हा पट्टा आणखी आवळला आणि रात्रीचं जेवण सोडलं. चार दिवसांत चक्कर. डॉक्टर रागावल्या: अंगावर पाजताना पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि तू उपाशी राहतेस? त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने मला उताणं झोपवून डोकं उचलायला लावलं, बेंबीपाशी बोटं टेकवली. तीन बोटांची फट. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू दोन बाजूंना सरकतात, ते कुणी मला सांगितलंच नव्हतं. पट्ट्याने चरबी जात नाही, उलट फार आवळला तर दाब खाली ओटीपोटावर येतो. मला शिंकताना लघवीचे थेंब जायचे, लाजेने बोलले नव्हते. तिला सांगितलं.

मग पट्टा कामापुरता, तोही सैल. रोज श्वासाचे व्यायाम, लघवी रोखतो ते स्नायू आवळणं-सोडणं, आणि सकाळी कमाटीबागेत अर्धा तास चालणं. डिंकाचा लाडू एकच, पण जेवण पोटभर. पाच महिन्यांत ६८ चे ६० झाले. फट एका बोटावर आली, शिंकेची भीती गेली.

दांडिया बाजारातल्या शिंप्याने ४० रुपयांत हुक लावून दिले. धाकट्या जाऊबाईंची तारीख जानेवारीत आहे. त्यांना पट्टा धुऊन दिलाय, सोबत आईच्या साडीची पट्टीही.