परग्रहाच्या वातावरणाचं मॉडेल: एकमितीय की त्रिमितीय?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी परग्रहाचं (म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं) वातावरण घेतलंय, पण मॉडेल एकमितीय घ्यावं की त्रिमितीय, यावर एकाचं घोडं अडलंय.

आधी वेळेचा हिशेब. एकमितीय म्हणजे हवेचा एकच उभा स्तंभ: दाब, तापमान, वायूंचं प्रमाण. पेटिटरॅडट्रान्ससारखं मोफत पायथन पॅकेज साध्या लॅपटॉपवर चालतं, वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश, याचा आलेख) झटपट हातात येतो. त्रिमितीय मॉडेल अख्ख्या गोलावर वाऱ्यांची समीकरणं सोडवतं. त्याला सहसा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा ताफा, लागतो आणि एकेक रन आठवडे खातो.

मग हा खटाटोप कशाला? एचडी १८९७३३बी हा तप्त गुरू, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारा गुरूसारखा वायूचा ग्रह, बघा. २.२ दिवसांत ताऱ्याभोवती फेरी, एक बाजू कायम ताऱ्याकडे. सगळ्यात तापलेली जागा ऐन माथ्यावर तारा असेल तिथे हवी. पण विषुववृत्तावरचा जोरदार वारा अशा ग्रहांवर ती पूर्वेला ढकलेल, असं शोमन आणि गियो या शास्त्रज्ञांनी २००२ मध्येच म्हटलं होतं. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून काढलेल्या नकाशात ती खरंच सरकलेली निघाली. एका स्तंभाला पूर्व-पश्चिमच नसते, तो हे सांगणार कुठून?

उलट, वर्णपटावरून वाफेचं प्रमाण काढायचं तर लाखभर मॉडेलं जुळवून बघावी लागतात. तिथे त्रिमितीयाचं नाव काढू नका. आणि त्रिमितीय मॉडेलच्या रंगीत नकाशांना भुलू नका. ढगांच्या कणांचा आकार दोन्हीकडे बऱ्याचदा गृहीतच धरलेला असतो.

हातात जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीचा वर्णपट आणि एक सेमिस्टर असेल तर एकमितीय. वारे, दिवस-रात्रीचा फरक किंवा ट्रॅपिस्ट-१ई या पृथ्वीएवढ्या परग्रहावर पाणी गोठेल का, हा प्रश्न असेल तर त्रिमितीय. फक्त गाईडकडे क्लस्टरचं खातं आहे ना, ते आधी विचारा.